बिडाचा पाइप घरच्या घरी कापताना

कोकणातल्या जुन्या घरांत बीड, म्हणजे ओतीव लोखंड (कास्ट आयर्न), अजून बरंच शिल्लक आहे. संडासाचा ४ इंची पाइप, सेप्टिक टाकीचा व्हेंट (वायू बाहेर सोडणारा पाइप), विहिरीवरची कप्पी, शिलाई मशीनचे नक्षीदार पाय. पावसाआधी डागडुजी काढली की यातलं काहीतरी कापायची वेळ येतेच. बीड कापायला अवघड नाही. तोडायला तर त्याहून सोपं, फक्त ते आपल्याला हवं तिथे तुटत नाही. बिडात साधारण २ ते ४ टक्के कार्बन असतो आणि त्यातला बराचसा ग्राफाइटच्या पापुद्र्यांच्या रूपात विखुरलेला असतो. म्हणून बीड वाकत नाही, दणका बसला की तडकतं. दाब भरपूर सोसतं, ताण फारसा नाही. पुढची बहुतेक काळजी यातूनच येते: छिन्नी-हातोडा नको, एका जागी तापवणं नको आणि कापलेला तुकडा आपल्या वजनाने खाली ओढू द्यायचा नाही.

आधी वस्तू ओळखा

पाइपाला लोहचुंबक लावा. चिकटला नाही आणि तुटक्या कडेला राखाडी तंतू दिसले तर तो बिडाचा नसून ॲस्बेस्टॉस सिमेंटचा पाइप आहे. रंगाचे चार हात बसले की दोन्ही सारखेच दिसतात, त्यामुळे ही तपासणी टाळू नका. ॲस्बेस्टॉसला ग्राइंडर लावायचा नाही. त्याची धूळ फुप्फुसात कायमची बसते. तो पाइप ओला करून, न फोडता, जोडापासून अख्खा सोडवावा लागतो आणि ते माहीतगाराचं काम आहे.

चुंबक चिकटला तर पाइपावर लाकडी दांड्याने हलकेच टकटक करा. चांगलं बीड खणखणीत वाजतं. आवाज बद्द आला तर त्या जागी रंग खरवडून स्क्रूड्रायव्हरचं टोक दाबून बघा. समुद्राच्या खाऱ्या हवेत आणि खारवट जमिनीत बिडातलं लोखंड हळूहळू विरघळून जातं आणि ग्राफाइटचा काळा सांगाडा जागच्या जागी उभा राहतो. आकार जसाच्या तसा, जाडीही तेवढीच, पण टोक पेन्सिलीच्या शिशासारखं आत रुततं. असा पाइप कापताना हातातच कोसळतो. तिथे कापाची रेघ वर किंवा खाली, खणखणीत भागावर न्यायची. तसा भाग सापडलाच नाही, तर जोडापासून वरचा अख्खा पाइप आधाराने उतरवायचा.

हत्यार कोणतं

घरोघरी असतो तो ४ इंची हँड ग्राइंडर. त्याला १०० किंवा १०५ मिमीची, १ ते १.२ मिमी जाडीची, १६ मिमी भोकाची धातू कापायची चकती बसते. तिची खोली जेमतेम २५ ते ३० मिमी मिळते, म्हणजे पाइप एका दमात आरपार कापला जात नाही, भोवतीने फिरावं लागतं. साध्या चकतीऐवजी धातूसाठीची डायमंड चकती मिळाली तर ती घ्या. महाग पडते, पण ती झिजून लहान होत नाही आणि फुटून तुकडे उडायची भीती जवळजवळ नाही. फरशीसाठीची डायमंड चकती मात्र ही नव्हे. पाकिटावर धातूचा उल्लेख बघूनच घ्या.

साध्या चकतीत रेझिनने खरखरीत कण बांधलेले असतात आणि रेझिनला दमट हवा सोसत नाही. मागच्या वर्षीची, पडवीतल्या खिळ्यावर पावसाळाभर लटकलेली चकती वापरायची नाही. बऱ्याच चकत्यांच्या मधल्या धातूच्या कड्यावर मुदतीचा महिना आणि वर्ष छापलेलं असतं, साधारण बनवल्यापासून ३ वर्षं. इथल्या हवेत तेवढाही भरवसा नको. नव्या चकत्या झाकणाच्या डब्यात, आडव्या, सपाट ठेवा.

चकतीवरचा कमाल वेग ग्राइंडरच्या वेगापेक्षा जास्त हवा. ४ इंची ग्राइंडर मिनिटाला ११ ते १२ हजार फेरे मारतो, १०० मिमीच्या चांगल्या चकतीवर १५ हजारांच्या वरचा आकडा असतो. खोली वाढावी म्हणून गार्ड (चकतीवरचं संरक्षक झाकण) काढून ५ इंची चकती बसवणारे लोक आहेत. तिचं भोक २२ मिमीचं असतं, ती १६ च्या दांड्यावर मधोमध बसतच नाही आणि गार्ड गेल्यामुळे फुटली तर थेट तोंडाकडे येते. लाकूड कापायचं दातेरी पातंही ग्राइंडरला कधीच लावू नका.

पाइप सेप्टिक टाकीला जोडलेला असेल तर आमचं मत स्पष्ट आहे: ग्राइंडर बाजूला ठेवा आणि रेसिप्रोकेटिंग सॉ, म्हणजे पुढे-मागे चालणारी लांब पात्याची करवत, भाड्याने आणा. टाकीत मिथेन असतो आणि तो याच पाइपातून वर येतो. करवतीच्या ठिणग्या नगण्य. पातं कार्बाइडच्या दातांचं किंवा कार्बाइड वा डायमंडचे कण बसवलेलं, ९ इंच लांबीचं घ्या. साधं बायमेटल पातं बिडावर थोड्याच वेळात बोथट होतं. वेग मध्यमाहून कमी, झोक्याची सोय असल्यास बंद, आणि पुढचा बूट (पात्याभोवतीची धातूची टेकण) पाइपाला घट्ट टेकवलेला. बूट सुटला की पातं पाइपाला हादरे देतं आणि बिडाला तेच नको असतं.

तिसरा पर्याय साखळीचा पाइप कटर. साखळी पाइपाभोवती गुंडाळून आवळली की पाइप रेषेवर कट्कन तुटतो. ठिणगी नाही, धूळ नाही. पण हा फक्त निरोगी पाइपासाठी. गंजून पातळ झालेला पाइप त्यात चिरडतो.

वीज आणि जागा

वाडीतला व्होल्टेज हा वेगळाच विषय. १८० च्या आसपास उतरला की ग्राइंडर मंदावतो, चकती अडकते, मोटर तापते. अशा वेळी जोर लावायचा नाही, काम थांबवायचं. एक्स्टेन्शनची वायर १.५ चौरस मिमीची घ्या आणि गुंडाळी पूर्ण उलगडा. गुंडाळलेली वायर तापते. उन्हाळ्यात कातळावरची, जांभ्यातली अर्थिंग कोरडी पडलेली असते, म्हणून ३० मिलिअँपियरच्या आरसीसीबीमागूनच (विजेची गळती होताच लाइन तोडणारा स्विच) लाइन घ्या आणि आधी त्याचं टेस्ट बटण दाबून बघा.

लाइट जाण्याचं काय सांगावं! काप चालू असताना वीज गेली की आधी ग्राइंडरचं सरकतं बटण मागे ओढा, मग बाकी सगळं. ते विसरून ग्राइंडर खाली ठेवला आणि दहा मिनिटांनी लाइट आली, तर तो खळ्यात एकटाच धावत सुटतो.

ठिणग्या लांबवर उडतात. मार्च ते मे महिन्यात पातेरा, झावळ्या, नारळाची सोडणं, गोठ्यातला पेंढा हे सगळं पेट घ्यायला तयार असतं. १० मीटरचा परिसर झाडून घ्या, हलवता येत नाही त्यावर ओलं गोणपाट टाका, दोन बादल्या पाणी जवळ ठेवा. काम संपल्यावर निदान अर्धा तास तिथेच थांबा. सोडणात गेलेली ठिणगी आतल्या आत धुमसते आणि धूर उशिरा दिसतो. खिडकीची काच आणि गाडीही झाका. ठिणगी काचेत रुतून बसते, मग ती निघत नाही.

अंगावर काय

बाजूनेही बंद असलेला गॉगल आणि त्यावर चेहऱ्याची पारदर्शक ढाल. नुसता चष्मा पुरत नाही. बिडाची धूळ काळी, बारीक असते, त्यासाठी एन-९५ मास्क. रुमालातून ती सरळ जाते. कानात इअरप्लग. हातात मनगटाला घट्ट बसणारे चामड्याचे मोजे, सुती सैल मोजे चकतीत ओढले जातात. लुंगी, उपरणं, गळ्यातला गोफ काढून ठेवा. पायात बूट, चप्पल नाही.

डोळ्यात कण गेलाच तर चोळू नका आणि घरी चुंबक लावून काढायचा उद्योग करू नका. लोखंडी कण बुबुळावर राहिला तर एका दिवसाच्या आतच त्याभोवती गंजाचं वर्तुळ धरू लागतं. त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा.

उभा पाइप कापणं

वरच्या मजल्यावर संडास असेल तर घरात सगळ्यांना आधी सांगा. पाणी बंद करा, पाइपात दोन बादल्या पाणी आणि फिनेल ओता, तासभर निथळू द्या.

१०० मिमी व्यासाचा, ५ मिमी जाडीचा १.८ मीटरचा पाइप २० ते २५ किलोंचा भरतो. वर दोन पाइप असतील तर पन्नास किलो डोक्यावर लटकतात. पाइप भिंतीला धरणाऱ्या जुन्या कानांचे खिळे गंजलेले असतात, त्यांच्यावर विसंबू नका. कापाच्या वरच्या भागाला पक्का क्लॅम्प बसवून तो जांभ्याच्या भिंतीत नव्या अँकरने धरा. अँकर चिऱ्यात घ्या, सांध्यातल्या मातीत किंवा चुन्यात नको. शिवाय सॉकेटच्या, म्हणजे पाइपाच्या जोडाकडच्या रुंद तोंडाच्या, कडेखाली लाकडी टेकू द्या. हे झाल्याशिवाय हत्याराला हात लावू नका.

कापाची रेघ सॉकेटपासून निदान ४ इंच दूर. सॉकेटमध्ये सुतळी ठासून वर शिसं ओतलेलं असतं. शिसं कापल्याने त्याची विषारी धूळ होते, बर्नरने वितळवलं तर धूर. सरळ रेघ हवी तर जाड कागदाची पट्टी पाइपाभोवती गुंडाळा, कड कडेला जुळवा आणि खडूने आखा. जुन्या रंगातही शिसं असू शकतं, म्हणून रेघेवरचा रंग ओला करून खरवडून काढा.

पाइप टाकीला जोडलेला नसेल आणि ग्राइंडर वापरत असाल, तर नवी चकती बसवली की तो अंगापासून लांब, मिनिटभर रिकामा फिरवा. मग रेघेवर सगळीकडून १ ते २ मिमीची खाच घ्या. घाई इथेच अंगाशी येते: एकाच जागी आरपार गेलात तर पाइप बाजूने तडकतो आणि तडा सॉकेटपर्यंत पळतो. खाच पुरी झाल्यावर पुन्हा भोवतीने, दर फेरीला थोडं खोल. ग्राइंडर स्वतःहून ज्या बाजूला पळू बघतो, त्याच्या उलट बाजूला ढकलत न्या, म्हणजे वेग आपल्या हातात राहतो. दोन्ही हात हत्यारावर, अंग चकतीच्या रेषेबाहेर. चकती तिरकी करून खाच रुंद करू नका, पातळ चकती बाजूचा दाब सोसत नाही. शिडीवर उभं राहून ग्राइंडर चालवायचा नाही, त्यासाठी परांचीच बांधा.

वरचा काप आधी घ्या. तो निम्मा झाला की फटीत लाकडी पाचरी सारा, नाहीतर वरचं वजन बसून चकती चिमटली जाते आणि ग्राइंडर उसळून अंगावर येतो. नंतर साधारण एक फूट खाली दुसरा काप. मधला तुकडा दोरीने आधीच बांधून ठेवा, तो सुटतो तेव्हा पकडायला हात रिकामा नसतो. भिंतीकडची बाजू ग्राइंडरला पोहोचत नाही. तिथे करवतीचं लांब पातं बाजूने घाला किंवा शेवटचा भाग हेक्सॉच्या इंचाला १८ दाते असलेल्या पात्याने हाताने कापा. वैताग येतो, पण हातोडा घेण्यापेक्षा बरा.

खालचं तोंड उघडं पडल्याबरोबर ओल्या गोणपाटाने बंद करा. टाकीतले वायू, झुरळं आणि डास सगळे तिथूनच येतात. कापाची कड कानशीने मोडा, ती ब्लेडइतकी धारदार असते. पुढे पीव्हीसी जोडायचा तर रबरी कपलिंग वापरा, पण आधी दोन्ही पाइपांचा बाहेरचा व्यास मोजा. कपलिंगच्या पट्ट्या ३१६ स्टेनलेसच्या मिळाल्या तर उत्तम, जीआयच्या (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाच्या) पट्ट्या समुद्राजवळ लवकर खपतात.

भोक पाडायचं असेल तर

शिलाई मशीनच्या पायांवर टेबल करायचं तर बहुधा कापावं लागत नाही, भोकं पुरतात. आधी ३ मिमीचं, मग हवं त्या मापाचं. ८ मिमीच्या एचएसएस (हाय स्पीड स्टील) बिटला मिनिटाला ८०० च्या आसपास फेरे बरे, ड्रिलचा हॅमर मोड बंद. तेल घालायचं नाही: बिडातलं ग्राफाइटच वंगणाचं काम करतं, तेलाने उलट भुकटीचा चिखल होऊन बिट अडकतो. पातळ नक्षीत बीड ओतताना लवकर थंड होऊन काचेसारखं कडक झालेलं असतं. तिथे बिट नुसता घसरू लागला तर जोर न लावता कार्बाइडचा बिट घ्या. चुकून पाय तुटला तर साध्या वेल्डिंगने तो सांधत नाही. निकेलचा रॉड आणि सगळा भाग हळूहळू तापवून हळूहळू थंड करणारा कारागीर लागतो.

धूळ

फरशीवर, चिऱ्यावर पडलेली बिडाची भुकटी तशीच राहिली तर रात्रीच्या दमट हवेत गंजते आणि सकाळी तांबडे डाग दिसतात. पाणी मारून धुवायला जाऊ नका, डाग पसरतात. चुंबकाला प्लॅस्टिकची पिशवी गुंडाळून भुकटी गोळा करा, पिशवी उलटी करून गाठ मारा, उरलेली कोरड्या कुंच्याने मास्क लावूनच झाडा. ग्राइंडरच्या मोटरच्या जाळीतही ती शिरलेली असते. ही भुकटी वीज वाहते, तेव्हा प्लग काढून जाळी ब्रशने झाडल्याशिवाय हत्यार डब्यात ठेवू नका.