समन्याय शिकवायचाय? आधी अर्ज भरायला द्या

एम.ए. लोकप्रशासनाच्या वर्गात सामाजिक समन्यायाचं (सगळ्यांना एकच माप न लावता ज्याच्या-त्याच्या परिस्थितीनुसार न्याय, म्हणजे social equity) प्रकरण आलं की मी व्याख्या फळ्यावर लिहीत नाही. जातीच्या दाखल्याचे कोरे अर्ज वाटते. जोड्या पाडायच्या. एक जण अर्जदार, दुसरा प्रांत कार्यालयातला कारकून. अर्जदार नंदीवाल्यांच्या घरातला, आजोबांचं पाल दर महिन्याला नव्या गावाबाहेर. विमुक्त जाती आणि भटक्या जमातींना 21 नोव्हेंबर 1961 पूर्वीचं महाराष्ट्रातलं वास्तव्य दाखवावं लागतं. कारकुनाने फक्त कागद मागायचे: आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला, जन्म-मृत्यू नोंदीचा उतारा, सातबारा. पंधरा-वीस मिनिटांत वर्ग शांत होतो.

मग कुणीतरी म्हणतंच, "मॅडम, कारकुनाने नियम पाळला, त्याचं काय चुकलं?" माझे निम्मे विद्यार्थी एमपीएससीची तयारी करतात, काही तलाठी आहेत, त्यांना हा प्रश्न मनापासून पडतो. लगेच उत्तर देऊ नका. मूळ नियम वाचायला द्या आणि दोन रकाने करायला सांगा: 'नियमात लिहिलंय' आणि 'आमच्याकडे असंच चालतं'. दुसरा रकाना भराभर भरतो. अधिकाऱ्याला स्वतःच्या अधिकारात काय करता आलं असतं, हे तिथे दिसू लागतं.

एक चूक माझ्या हातून झाली, ती तुम्ही करू नका. भटक्या समाजातल्या एका विद्यार्थ्याला मी भर वर्गात म्हटलं, "तू तुझा अनुभव सांग." तो दोन आठवडे आलाच नाही. तो शिकायला आला होता, मी त्याला उदाहरण करून टाकलं. आता वर्गात कुणाची जात विचारायची नाही, कुणाला समाजाचा प्रतिनिधी करायचं नाही, हे पहिल्याच दिवशी सांगते. ज्याला बोलायचं असतं तो आपणहून बोलतो.

यानंतर महाड. विद्यार्थ्यांना 20 मार्च 1927 पाठ असतो, आधीची आणि नंतरची फाईल माहीत नसते. बोले ठराव मुंबई कायदेमंडळात 1923 साली मंजूर झाला: सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले. महाड नगरपालिकेने 1924 मध्ये तसा ठराव केला. तरी चवदार तळ्याचं पाणी प्यायला बाबासाहेबांना सत्याग्रह करावा लागला, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नगरपालिकेने ठराव मागे घेतला. वाद उच्च न्यायालयात 1937 साली निकाली निघाला. तारखा गटांत वाटा. प्रत्येक गटाने सांगायचं: त्या दिवशी लेखणी कुणाच्या हातात होती, आणि त्याने आणखी कोणता आदेश काढायला हवा होता? या एका प्रकरणाला मी तीन तास देते. अंमलबजावणी म्हणजे काय, हे मला याहून चांगलं कशातूनही शिकवता आलेलं नाही.

सिद्धान्त आता सांगा, पटकन समजतो. लोकप्रशासनाच्या तरुण अभ्यासकांची अमेरिकेतली 1968 ची मिन्नोब्रुक परिषद, काटकसर आणि कार्यक्षमता यांच्या जोडीला समन्याय ही तिसरी कसोटी मांडणारे अमेरिकन अभ्यासक फ्रेडरिक्सन, आपल्या संविधानातली कलमं 14 ते 17 (समानता, अस्पृश्यताबंदी) आणि 46 (दुर्बल घटकांचं हित). शाहू महाराजांचा 26 जुलै 1902 चा, संस्थानाच्या नोकऱ्यांत मागासवर्गीयांना पन्नास टक्के जागा देणारा आदेशही इथेच घ्या. तो मिन्नोब्रुकच्या सहासष्ट वर्षं आधीचा आहे.

एक दिवस रेशन दुकानावर पाठवा. किती जणांना धान्य मिळालं हे मोजायचं नाही. कोण रिकाम्या हाताने परत गेलं आणि का, तेवढं टिपायचं. नावं लिहायची नाहीत. ऊस तोडून किंवा भांडी घासून बोटांच्या रेषा झिजलेल्या बाईचा अंगठा मशीन घेत नाही, हे तिथे उभं राहिल्यावरच कळतं.

विद्यापीठाच्या पेपरात 'टीपा लिहा' येणारच, त्याची तयारी करून घ्या. अंतर्गत गुण मात्र कार्यालयीन टिपणीला ठेवा. एक पान, वाढीव निधी नाही, रेशन दुकानावरून परत गेलेल्या एका माणसाची अडचण आणि ती दूर करणारा बदल. खाली त्या बदलाचा आदेश कोणत्या पदाच्या सहीने निघेल ते लिहायचं. पद चुकलं तर मी टिपणी परत देते, शोधून पुन्हा आणायला लावते.