ईमॅक्समधला बग कळवायच्या आधी

ईमॅक्स हा टेक्स्ट एडिटर अडला की पहिली ऊर्मी येते ती चिडून दोन ओळी पाठवायची. ती आवरा आणि टर्मिनलमध्ये 'ईमॅक्स -क्यू' टाका; क्यू मोठा हवा. यात तुमची इनिट फाइल (सुरू होताना वाचली जाणारी तुमची सेटिंग्ज), बसवलेली पॅकेजेस, काही म्हणजे काही चढत नाही. या कोऱ्या ईमॅक्समध्ये गडबड दिसलीच नाही, तर दोष बहुधा आपल्याच घरचा. मग इनिट फाइलमधला निम्मा भाग कॉमेंट करून, म्हणजे न पुसता निष्क्रिय करून, बघायचा, मग उरलेल्यातला निम्मा, असं करत करत नेमकी ओळ हाती लागते. माझे बरेचसे 'बग' इथेच निकालात निघाले, हे कबूल केलेलं बरं.

कोऱ्या ईमॅक्समध्येही गडबड दिसली, तर तिथपासून प्रत्येक कळ क्रमाने लिहून काढा. काय दाबलं ते आठवत नसेल, तर कंट्रोल-एच आणि एल दाबा; शेवटच्या ३०० कळा समोर येतात. पाठवण्याआधी त्या वाचून घ्या, खाजगी मजकूरही त्यात असू शकतो. एरर येत असेल तर 'टॉगल-डीबग-ऑन-एरर' चालू करून तेच पुन्हा करा आणि उमटलेला बॅकट्रेस, म्हणजे एररपर्यंत कोणकोणती फंक्शन्स चालली त्याची यादी, पूर्ण उचला. ईमॅक्स गोठलाच, तर दुसऱ्या टर्मिनलमधून त्याला यूएसआर२ सिग्नल पाठवला की बहुधा तो भानावर येतो आणि कुठे अडकला होता ते दाखवतो.

देवनागरीच्या तक्रारीला जरा जास्त तयारी लागते. समजा 'दुसऱ्या' हा शब्द 'दुसर्या' असा दिसतोय. कर्सर त्या जोडाक्षरावर नेऊन कंट्रोल-यू, कंट्रोल-एक्स आणि बरोबरचं चिन्ह दाबा. ते अक्षर कोणत्या कोडपॉइंटचं (युनिकोड क्रमांकांचं) बनलंय आणि कोणत्या फॉन्टमधून आलंय, दोन्ही कळतं. आत साधा ०९३० चा र, हलन्त आणि य एवढंच निघालं, तर रफार येणारच. तिथे ईमॅक्सचा काय गुन्हा? चूक टायपिंगची. ०९३१ चा ऱ असूनही रफार आला, तर तोच शब्द त्याच फॉन्टमध्ये दुसऱ्या एडिटरात बघा. तिथे नीट दिसला तर मात्र कळवण्याजोगं काही आहे. अक्षरजुळणीसाठी हार्फबझ ही लायब्ररी वापरायची सोय ईमॅक्सच्या २०२० च्या २७.१ आवृत्तीत आली, पण तुमचा ईमॅक्स ती घेऊन बांधलाय का, हे तपासा.

आता एम-एक्स (बहुधा ऑल्ट धरून एक्स) दाबून 'रिपोर्ट-ईमॅक्स-बग' ही कमांड चालवा. आधी विषय विचारला जातो. 'ईमॅक्स चालत नाही' असला विषय कुणाच्याच कामाचा नाही. कोणती कमांड, कुठे, काय झालं, एवढं त्यात यावं. आवृत्ती, ऑपरेटिंग सिस्टिम, बांधणीचे पर्याय हे सगळं खाली आपोआप भरलं जातं, ते खोडू नका. वर इंग्रजीत तीनच गोष्टी लिहा: काय केलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं. इंग्रजी मोडकंतोडकं असलं तरी चालतं, कळांचा क्रम मोडका नको. 'मला वाटतं मेमरी कमी पडत असावी' हे तर्क शक्यतो गाळा. एररचा मजकूर आठवणीतून न लिहिता मेसेजेस बफरमधून (ईमॅक्सचे निरोप साठतात तिथून) जसाच्या तसा उचला. शक्य असेल तर एक दहा ओळींची फाइल जोडा, ऑफिसमधली नव्हे, मुद्दाम बनवलेली, कारण हे सगळं जाहीर राहतं. तुमचा ईमेल पत्ताही.

पोच येते तिच्यात बगचा क्रमांक असतो. पुढचं प्रत्येक उत्तर त्याच क्रमांकाच्या पत्त्यावर द्या, नाहीतर त्याच तक्रारीला दुसरा क्रमांक पडायचा. आणि ती दहा ओळींची फाइल लगेच उडवू नका. नवी आवृत्ती घेऊन पुन्हा करून बघा, असा निरोप कधीही येऊ शकतो.