नोट्सच्या डोक्यावर विषय नको, वाक्य हवं

नागपूरच्या बर्डी-धरमपेठेतल्या अभ्यासिकांमध्ये स्पर्धा परीक्षेसाठी नव्याने बसू लागलेल्यांच्या नोट्समध्ये एक चूक हमखास सापडते. कागदाच्या डोक्यावर ‘नागपूर करार’ असं विषयाचं नाव आणि खाली पुस्तकातल्या बारा ओळींची नक्कल. अशी नोट परीक्षेच्या आठवड्यात उघडली की पुस्तकच पुन्हा वाचावं लागतं. त्याऐवजी नोट्स छोट्या कार्डांवर काढा आणि डोक्यावर क्रियापद असलेलं पूर्ण वाक्य लिहा. ‘विदर्भ महाराष्ट्रात आला तो काही ठरलेल्या आश्वासनांवर.’ त्याखाली पुरावा: 28 सप्टेंबर 1953, निधी आणि नोकऱ्या लोकसंख्येच्या प्रमाणात, विधिमंडळाचं दरवर्षी एक अधिवेशन नागपुरात. बस, तेवढंच. ‘1 नोव्हेंबर 1956 ला नागपूरचं (तेव्हाच्या मध्य प्रदेशाचं) राजधानीपण गेलं’ हे दुसरं विधान, त्यामुळे त्याला दुसरं कार्ड. एका कार्डावर दोन विधानं कोंबली की पुढे ती वेगळी काढता येत नाहीत.

सारांश काढण्याची वेळही महत्त्वाची. पुस्तक समोर उघडं असताना काढलेला सारांश म्हणजे छोटी नक्कल, कारण डोळे लेखकाचीच वाक्यरचना उचलतात. पाच-सहा पानं पेन हातात न घेता वाचा, पुस्तक मिटा, दहा मिनिटं थांबा आणि मग निळ्या पेनाने पाच ओळी लिहा. आता पुस्तक उघडा आणि सुटलेलं, चुकलेलं लाल पेनाने भरा. उजळणीला आधी लाल वाचायचं, निळं तुम्हाला येतंच. फक्त सन, कलमं आणि आकडे पहिल्यापासून पुस्तक बघूनच घ्यावेत. चुकीचा सन एकदा हाताने लिहिला गेला की तोच डोक्यात बसतो.

सारांशात सगळ्यात आधी गळतात ते अटी सांगणारे शब्द, आणि ही गळती सहज लक्षात येत नाही. राज्यघटनेचं कलम 371(2) घ्या. त्यात विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्रासाठीच्या विकास मंडळांची तरतूद आहे. बहुतेक वह्यांमध्ये ‘विकास मंडळांची जबाबदारी राज्यपालांवर’ एवढंच असतं. मूळ तरतूद अशी की राष्ट्रपती आदेशाद्वारे राज्यपालांवर ही विशेष जबाबदारी सोपवू शकतात. ‘आदेशाद्वारे’ आणि ‘शकतात’ हे दोन शब्द गेले की तरतूद 1956 च्या घटनादुरुस्तीतली असूनही मंडळं 1994 मध्ये का आली, याचं उत्तर तुमच्या नोटमधून देताच येत नाही. म्हणून लाल पेन फिरवताना ‘जर’, ‘पर्यंत’, ‘वगळता’, ‘शकतो’ हे शब्द मुद्दाम शोधा.

सामान साधं. सहा बाय चार इंचाची कार्डपेपरची कार्डं कुठलाही झेरॉक्सवाला कापून देतो. उजव्या कोपऱ्यात पुस्तकाची खूण आणि पान क्रमांक, खालचा एक तृतीयांश भाग कोरा, नंतर सुचलेल्या जोडणीसाठी. बॉलपेनच वापरा. मे महिन्यात कूलरसमोर सुटे कागद उडतात, आणि त्या दमट हवेत शाईपेनची अक्षरं फुटतात. बॉलपेनने लिहिलेली कार्डं चपलांच्या खोक्यात उभी लावली की दोन्ही त्रास मिटतात. फळ्याचे मोबाइलवर काढलेले फोटो ही नोट नव्हे. त्याच रात्री त्यांचं कार्ड झालं नाही, तर ते पुन्हा क्वचितच उघडले जातात.

आता कार्डांची लावणी. पुस्तकाप्रमाणे किंवा प्रकरणाप्रमाणे लावू नका, प्रश्नाप्रमाणे लावा. एका पाकिटावर प्रश्न लिहा: ‘विदर्भाचा अनुशेष (विकासातली मागे राहिलेली तूट) का उरला?’ इतिहास, राज्यघटना, सिंचन, जिथून कार्ड आलं असेल तिथून ते याच पाकिटात. एकच कार्ड दोन पाकिटांत लागत असेल, तर दुसऱ्यात फक्त त्या कार्डाला दिलेला क्रमांक लिहिलेली चिठ्ठी ठेवा. निक्लास लुमान या जर्मन समाजशास्त्रज्ञाने सुमारे 90,000 चिठ्ठ्या अशाच क्रमांकांनी एकमेकींना जोडल्या होत्या: 21 नंतर सुचलेली बाब 21क, मधली कार्डं हलवायची गरज नाही. तुम्हाला एका पेपरसाठी दोन-तीनशे पुरतात.

खरी परीक्षा लिहिताना. यूपीएससीच्या मुख्य परीक्षेत सामान्य अध्ययनाच्या पेपरला तीन तासांत 20 प्रश्न, म्हणजे एका उत्तराला नऊ मिनिटं. तिथे पाकीट सोबत नसतं, म्हणून सराव आधी टेबलावर. पाकिटातली पाच-सहा कार्डं पसरा, ओळीने लावा, आणि शेजारच्या दोन कार्डांमध्ये कोणता शब्द बसतो ते मोठ्याने म्हणून बघा: ‘म्हणून’, ‘तरीही’, ‘कारण’, ‘शिवाय’. सगळीकडे ‘शिवाय’च बसत असेल, तर तुमच्याकडे यादी आहे, युक्तिवाद नाही. क्रम बदला, एखादं कार्ड काढून टाका. दोन कार्डांमध्ये कोणताच शब्द बसत नसेल, तर मधलं एक विधान तुम्ही वाचलेलंच नाही. त्या जागी कोरं कार्ड ठेवा, त्यावर प्रश्न लिहा, आणि दुसऱ्या दिवशी पुस्तक उघडताना ते कार्ड हातात घेऊन उघडा.