प्रत्येक संगणकाला स्वतंत्र किल्ली

प्रोग्रामचा कोड साठवण्याच्या गिटहब या संकेतस्थळाने १३ ऑगस्ट २०२१ पासून गिटच्या (कोडमधील बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनाच्या) कामांसाठी खात्याचा पासवर्ड स्वीकारणे बंद केलेले असल्याने, इंदूरच्या कार्यालयातील संगणक आणि घरचा लॅपटॉप या दोन्हींसाठी मी एसएसएच (दूरच्या संगणकाशी सुरक्षित जोडणी करण्याची पद्धत) किल्ल्यांचा मार्ग धरला. अशी किल्ली म्हणजे दोन फाइलींची जोडी: खासगी आपल्याकडेच राहते, सार्वजनिक समोरच्याला देता येते. एकच खासगी किल्ली पेनड्राइव्हवरून इकडेतिकडे नेणे मला मुळीच पटत नाही. म्हणून प्रत्येक यंत्रावर ईडी२५५१९ या प्रकारच्या किल्ल्यांची वेगळी जोडी, पासफ्रेजसह (खासगी किल्लीला संरक्षण देणाऱ्या गुप्त वाक्यांशासह), तयार केली आणि केवळ सार्वजनिक किल्ल्या ‘कार्यालय’ व ‘घर’ या नावांनी खात्यात नोंदवल्या. लॅपटॉप हरवलाच, तर ‘घर’ तेवढी काढून टाकता येते. कार्यालयात मात्र ‘परमिशन डिनाइड’ (परवानगी नाकारली) असे येत राहिले, कारण तिथे एका सर्व्हरसाठीची जुनी किल्ली नेहमीच्या नावाने आधीच असल्यामुळे नव्या फाइलचे नाव वेगळे ठेवले होते आणि एसएसएच ती आपणहून शोधत नव्हते. एसएसएचच्या कॉन्फिग फाइलमध्ये (सेटिंग्जच्या फाइलमध्ये) ‘आयडेंटिटीफाइल’पुढे नव्या किल्लीच्या फाइलचा पूर्ण पत्ता लिहिताच जोडणी झाली.