हिटर प्लग बदलायला निघालात? आधी या चुका टाळा

थंडीत सकाळी डिझेल व्हॅन उठत नाही, सेल्फ नुसता फिरतो, सायलेन्सरमधून डिझेलच्या वासाचा पांढरा धूर येतो. गॅरेजमध्ये निकाल लगेच लागतो: 'हिटर प्लग (थंडीत सिलिंडरच्या आतली हवा तापवणारे विजेचे प्लग) गेले, चारही बदला.' पुष्कळदा ते खरंही असतं. पण मल्टिमीटर न लावता दिलेल्या निकालावर पैसे घालू नका.

डॅशबोर्डवरचा वेटोळ्याचा दिवा लागून विझला म्हणजे प्लग तापले, हा सर्वांत मोठा गैरसमज. बऱ्याच गाड्यांत तो दिवा टायमरवर चालतो. चारही प्लग मेलेले असले तरी तो वेळेवर विझतो.

दुसरी चूक मी चांगल्या मेकॅनिकांकडूनही होताना पाहतो. चारही प्लग जोडणारी धातूची पट्टी न काढताच मीटर लावायचा. पट्टीमुळे प्लग समांतर जोडलेले असतात, त्यामुळे एक जरी शाबूत असला तरी चारही ठिकाणी तोच आकडा दिसतो. चावी बंद करा, पट्टी काढा आणि प्रत्येक प्लगचं टोक व इंजिनची बॉडी यांच्यात मोजा. थंड प्लगला साधारण अर्धा ते दोन ओहम मिळायला हवेत. मीटरच्या दोन्ही पिना एकमेकींना टेकवून येणारा आकडा त्यातून वजा करा, स्वस्त मीटरमध्ये तोच अर्ध्या ओहमपर्यंत जातो. दशांशांत फार अडकू नका. मीटर हललाच नाही तर प्लग आतून तुटलाय. मीटर नसेल तर टेस्ट लॅम्पचा चिमटा बॅटरीच्या प्लसला लावून टोक सुट्या प्लगला टेकवा. दिवा लागला नाही तर तो प्लग बाद.

चारही शाबूत निघाले तर चावी ऑन करून पट्टीवर करंट येतो का ते बघा. येत नसेल तर आधी मोठा फ्यूज आणि रिले (प्लगचा करंट चालू-बंद करणारा स्विच) तपासा. ही तपासणी मात्र थंड इंजिनवरच. दुपारी गरम गाडीवर कंट्रोलर मुळात करंटच सोडत नसेल, तर तो बिघाड नाही.

प्लग काढून थेट बॅटरीवर लाल करून बघायची जुनी सवय नव्या गाड्यांत महागात पडते. काही नवे प्लग ४-५ किंवा ७ व्होल्टचे असतात, १२ व्होल्ट दिले की तिथेच जळतात.

डिझेल पुढे ढकलणारा हातपंप मारला की गाडी उठते? मग डिझेल लाइन एअर घेतेय. गरम गाडीही त्रास देत असेल तर संशय प्लगवर नको. सेल्फ मंद फिरत असेल तर बॅटरी आधी. आणि तापलेल्या प्लगवर स्टार्टिंग स्प्रे कधीच मारू नका. त्यातलं ईथर नको त्या क्षणी पेटतं आणि पिस्टन-रिंगांची वाट लागते.

प्लग काढताना घाई केली तर तो हेडमध्येच (सिलिंडरवरच्या झाकणात) तुटतो, मग खर्च प्लगचा राहत नाही, हेड उतरवण्याचा होतो. रात्री आट्यांवर गंज सोडवणारं तेल सोडा, सकाळी इंजिन गरम करून हळू फिरवा. अडला तर उलटसुलट थोडं थोडं; लांब पान्याला लोंबकळू नका. १० मिलिमीटर आट्यांचा प्लग सुमारे ३५ न्यूटन-मीटरला तुटू शकतो, बारीक ८ मिलिमीटरचा त्याच्याही आधी.

निघालेल्या प्लगचं टोक नीट बघा. वितळलेलं किंवा खाल्लेलं असेल तर त्या सिलिंडरचा इंजेक्टर तपासून घ्या. तो डिझेल गाळत असेल तर नवा प्लगही तसाच जाईल.