सर्दी-ॲलर्जीच्या गोळ्या घेताना या चुका टाळा

बेळगाव असो, खानापूर असो की निपाणी, "मामा, सर्दीच्या दोन गोळ्या द्या" म्हटलं की मेडिकलवाले पट्टी कापून गोळ्या पुडीत घालून देतात. औषधांची नावं आणि मुदतीची तारीख उरलेल्या पट्टीवरच राहतात. घरी गेल्यावर आपण नक्की काय गिळतोय हे कळायला मार्ग उरत नाही. म्हणून कापण्याआधीच पट्टीची मागची बाजू बघायला मागा आणि मोबाइलवर फोटो काढून घ्या.

एकाच औषधाचा डबल डोस

सर्दीच्या पुष्कळशा गोळ्यांत तीन औषधं एकत्र असतात. तापासाठी पॅरासिटामॉल, चोंदलेल्या नाकासाठी फेनिलेफ्रिन, आणि शिंका व नाकाचं पाणी कमी करण्यासाठी क्लोरफेनिरामिन. हे शेवटचं अँटीहिस्टामिन, म्हणजे ॲलर्जीवरचं औषध. आता अंगात कणकण आहे म्हणून वर पॅरासिटामॉल ६५० घेतली, अंग खाजतंय म्हणून सेट्रिझिन हे दुसरं अँटीहिस्टामिन घेतलं, तर पॅरासिटामॉलही दोनदा गेलं आणि अँटीहिस्टामिनही. मोठ्या माणसाच्या पोटात २४ तासांत ४ ग्रॅमपेक्षा जास्त पॅरासिटामॉल जाता कामा नये. लिव्हरचा त्रास असेल किंवा रोज दारू होत असेल तर ही मर्यादा आणखी खाली येते. फेनिलेफ्रिनमुळे रक्तदाब चढू शकतो, त्यामुळे बीपीच्या माणसाने अशी मिश्र गोळी विचारल्याशिवाय घेऊ नये.

घरातल्या वयस्करांची जास्त काळजी घ्या. क्लोरफेनिरामिनने प्रोस्टेट वाढलेल्या माणसाची लघवी अडकू शकते, काचबिंदूच्या काही प्रकारांत डोळ्यातला दाब वाढू शकतो, आणि गुंगीत रात्री उठताना तोल जातो. किडनी कमजोर असेल तर सेट्रिझिनचा डोससुद्धा डॉक्टरांकडून कमी करून घ्यावा लागतो.

प्रत्येक शिंकेला, प्रत्येक खाजेला तीच गोळी

ॲलर्जीत शरीरातल्या पेशी हिस्टामिन सोडतात. त्यातून शिंका, डोळ्यांची खाज, नाकातून पाणी आणि अंगावर गांधी येतात. अँटीहिस्टामिनची गोळी त्या हिस्टामिनचा परिणाम रोखते, तिचं काम तेवढंच. साधी सर्दी विषाणूंमुळे होते. तिथे क्लोरफेनिरामिनसारख्या जुन्या प्रकारच्या गोळीने नाक थोडं कोरडं पडतं, पण सर्दी एक दिवसही लवकर बरी होत नाही. चोंदलेल्या नाकावर तर ती फारशी चालतच नाही.

आपल्याकडची दोन उदाहरणं घ्या. निपाणीच्या वखारीत तंबाखूचा कूट नाकात गेला की शिंका येतात, पण ती दर वेळी ॲलर्जीच असते असं नाही. नुसत्या जळजळीनेही शिंका येतात, आणि तिथे नाकातोंडावरचा चांगला मास्क गोळीपेक्षा उपयोगी. दुसरं, पावसानंतर बांधावर माजणारं काँग्रेस गवत. त्याने मान, चेहरा, हात लाल होऊन खाजतात, कातडी जाड होते. या त्रासात हिस्टामिनचा वाटा थोडाच असतो, त्यामुळे महिनाभर गोळ्या खाऊनही फरक पडत नाही. पूर्ण बाह्यांचा सदरा घाला, शेतातून आल्यावर अंग धुवा आणि त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा.

मेडिकलात नुसतं "पित्त उठलंय, गोळी द्या" म्हणू नका, ॲसिडिटीची गोळी हातात पडू शकते. अंगावर गांधी उठल्यात, खाज सुटलीय, असं स्पष्ट सांगा.

गोळी घेऊन गाडी, मशीन, दारू

क्लोरफेनिरामिन मेंदूपर्यंत पोचतं, म्हणून झोप येते. रात्री घेतलेल्या गोळीची सुस्ती सकाळपर्यंत टिकू शकते. सेट्रिझिनने गुंगी कमी येते, पण काहींना चांगलीच येते. फेक्सोफेनाडिन या अँटीहिस्टामिनने सर्वात कमी. पहाटे जांबोटी, कणकुंबीवरून चोर्ला घाट उतरून गोव्याला जाणारे ड्रायव्हर, वडगाव-शहापुरातले मागावरचे कामगार, गुऱ्हाळात चरकात ऊस घालणारे, यांनी डॉक्टरांना आपलं काम आधी सांगावं. झोप न आणणारी गोळी मागायला संकोच कशाला? फेक्सोफेनाडिन मात्र पाण्याबरोबरच घ्या, फळांच्या रसाबरोबर ते अंगाला कमी लागतं. आणि यातल्या कुठल्याही गोळीवर दारू नको.

लहान मुलं आणि जुनी चिठ्ठी

क्लोरफेनिरामिन आणि फेनिलेफ्रिन यांचं मिश्रण ४ वर्षांखालच्या मुलांना देऊ नये, असं केंद्रीय औषध नियामकांनी २०२३ मध्ये बजावलं आहे. मोठ्यांची गोळी अर्धी करून बाळाला देणं, मूल शांत झोपावं म्हणून सिरप पाजणं, हे अजिबात करू नका.

जुन्या चिठ्ठीवर पुन्हा पुन्हा आणल्या जाणाऱ्या गोळीत लिव्होसेट्रिझिन या अँटीहिस्टामिनबरोबर मॉन्टेलुकास्ट हे ॲलर्जी-दम्याचं औषध असतं का, तेही बघा. मॉन्टेलुकास्टने काहींना वाईट स्वप्नं पडतात, चिडचिड होते, मन उदास होतं. असं काही जाणवलं तर लगेच डॉक्टरांना कळवा.

श्वास अडकला तरी गोळीची वाट बघणं

सगळ्यात घातक चूक हीच. गांधीलमाशी चावल्यावर, शेंगदाणा किंवा कोळंबी खाल्ल्यावर, इंजेक्शन घेतल्यावर जीभ-ओठ सुजले, आवाज घोगरा झाला, धाप लागली, चक्कर आली किंवा एकदम उलट्या सुरू झाल्या, तर ती जीवघेणी ॲलर्जी समजा. अशा वेळी मांडीत दिलं जाणारं ॲड्रेनालिनचं इंजेक्शनच जीव वाचवतं. गोळी चालू व्हायला तासभर लागतो, आणि सूज व पडणारा रक्तदाब तिला आवरत नाहीत. "गोळी दिलीय, बघू थोडा वेळ" यात मोलाची मिनिटं जातात.

लगेच १०८ ला फोन करा. खानापूरच्या जंगलपट्टीत गाडी यायला वेळ लागेल असं वाटलं तर मिळेल त्या वाहनाने जवळच्या दवाखान्याकडे निघा. माणसाला आडवं ठेवून पाय उंच करा. धाप जास्त असेल तर बसवा, पण उभं करून चालवू नका. इंजेक्शननंतर बरं वाटलं तरी लगेच घरी निघू नका. काही तासांनी तोच त्रास पुन्हा उसळू शकतो, म्हणून डॉक्टर सोडेपर्यंत तिथेच थांबा.