उडताना अल्टरनेटर गेला तर

सेस्ना 172 या छोट्या विमानात लो व्होल्टेजचा लाल दिवा लागला, म्हणजे वीज बनवणारा अल्टरनेटर बंद पडला, की माझे विद्यार्थी आधी इंजिनाकडे बघतात. इंजिन चालूच राहतं. ठिणगी मॅग्नेटो (इंजिनाबरोबर फिरून स्वतःच वीज बनवणारी यंत्रं) देतात, बॅटरी नाही. आधी विमान सांभाळा, मग चेकलिस्ट. अल्टरनेटरचा ब्रेकर (जादा प्रवाह आला की वीज तोडणारं बटण) उडाला असेल तर एकदाच दाबा. पुन्हा उडाला तर हात लावू नका, आग लागू शकते.

आता सगळी भिस्त बॅटरीवर, फार तर अर्धा तास. नको ते दिवे आणि दुसरा रेडिओ बंद करा. परततोय, हे टॉवरला लगेच कळवा. रेडिओ गेला तर ट्रान्सपाँडरवर (रडारला विमानाची ओळख कळवणाऱ्या यंत्रावर) 7600, म्हणजे ‘रेडिओ बंद’चा कोड.

फ्लॅपही (उतरताना पंखांमागून खाली झुकणारे भाग) विजेवरच चालतात, हे हमखास विसरलं जातं! मी फ्लॅपशिवायच उतरायला लावतो: वेग थोडा जास्त, धावपट्टी लांब. पूर्ण उघडून अडकलेल्या फ्लॅपनिशी गो-अराउंड (उतरणं सोडून पुन्हा वर जाणं) करण्यापेक्षा ते परवडलं.